चिंगी पाल आणि पट्ट्याचा दात

आटपाट अंगण होतं. अंगणात पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक गाडी होती. गाडी गोरीपान, पण म्हातारी.

गाडीच्या पोटात इंजिन. इंजिनात एक काळा पट्टा. पट्ट्याला दातच दात. पट्टा गोल गोल फिरायचा. तो फिरतो, म्हणून आतली वर-खाली करणारी मंडळी एकमेकांवर आपटत नाहीत. (हे मलासुद्धा विचारून घ्यावं लागलं.)

पट्ट्यावर एक झाकण. झाकणाला एक फट. फटीच्या आत चिंगी पाल राहायची.

चिंगीने दोन अंडी घातली होती. पांढरी, शेंगदाण्याएवढी. गाडी फारशी कुठे जायची नाही, त्यामुळे जागा बरी होती.

एका रविवारी बाबांनी गाडी चालू केली. दर रविवारी करायचे. घुर्र घुर्र घुर्र.

पट्ट्याचा एक दात तुटला. टण्ण करून उडाला. अंड्यावर आदळला.

फट्ट.

बाबांनी गाडी बंद केली. "छान चालते," म्हणाले. आणि चहा प्यायला गेले.

चिंगीने फुटलेलं अंडं पाहिलं. उरलेलं अंडं पाहिलं. पट्ट्याकडे पाहिलं. पट्ट्यावर भेगाच भेगा.

चिंगीने तुटलेला दात तोंडात धरला. आणि निघाली. सुळ सुळ सुळ.

बाबा गाडी पुसत होते. फडकं ओलं, फडकं कोरडं. चिंगीने दात बॉनेटवर ठेवला.

"चुक चुक चुक.
बाबा, बाबा, पट्टा बदला.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

पाल चुकचुकली, की मोठी माणसं टकटक करतात. कृष्ण कृष्ण म्हणतात. मग त्यांना वाटतं, झालं, ऐकलं.

बाबांनी बॉनेटवर बोट आपटलं. टक टक टक. "कृष्ण कृष्ण."

मग म्हणाले, "अगं, गाडी बघ कशी चकाचक आहे. पट्टा काय, आत असतो. सोपानमिस्त्री झाकण उघडून बघतील, तर मी पट्टा बदलीन."

आणि फुंकर मारून दात उडवला. फूऽऽ.

चिंगीने दात शोधला. तोंडात धरला. निघाली. सुळ सुळ सुळ.

सोपानमिस्त्रींचं दुकान कोपऱ्यावर. मिस्त्री एका जीपखाली झोपले होते. नुसते पाय दिसत होते. चिंगी पायांशी बोलली.

"चुक चुक चुक.
मिस्त्री, मिस्त्री, झाकण उघडा.
बाबा पट्टा बदलेनात.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

मिस्त्रींनी जीपखालूनच पाना आपटला. टक टक टक. "कृष्ण कृष्ण."

मग पाय म्हणाले, "हे मोठ्या गॅरेजचं काम. मी हात लावायचा आणि उद्या काही झालं, की सगळे म्हणणार, सोपाननेच बिघडवली. गॅरेजवाले साहेब हो म्हणतील, तर मी झाकण उघडीन."

चिंगी निघाली. सुळ सुळ सुळ.

मोठं गॅरेज हायवेवर. काचेची खोली. आत गारेगार. गळ्यात टाय बांधलेले साहेब. चिंगी काचेला चिकटली.

"चुक चुक चुक.
साहेब, साहेब, हो म्हणा.
मिस्त्री झाकण उघडेनात.
बाबा पट्टा बदलेनात.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. टक टक टक. "कृष्ण कृष्ण."

मग गोड हसले. "मॅडम, मीटरवर किती झालं? लाख झालं की या. अपॉइंटमेंट घेऊन या. मीटर लाख भरेल, तर मी हो म्हणीन."

"पण दात तुटलाय," चिंगी म्हणाली.

"लाख झालं की या," साहेब म्हणाले. तेच हसू होतं.

चिंगी निघाली. सुळ सुळ सुळ. घरी आली. गाडीत शिरली. मीटरसमोर उभी राहिली.

"चुक चुक चुक.
मीटर, मीटर, लाख भर.
साहेब हो म्हणेनात.
मिस्त्री झाकण उघडेनात.
बाबा पट्टा बदलेनात.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

मीटर म्हणाला, "माझं पोट अजून अर्धंच भरलंय."

"पण वर्षं किती झाली," चिंगी म्हणाली. "उभ्या उभ्या रबर सुकलं."

"वर्षं मी मोजत नाही," मीटर म्हणाला. "माझं काम किलोमीटर. चाक पळेल, तर मी लाख भरीन."

चिंगी खाली उतरली. सुळ सुळ सुळ. चाकाची हवा थोडी गेली होती. चाक पेंगत होतं.

"चुक चुक चुक.
चाका, चाका, पळ.
मीटर लाख भरेना.
साहेब हो म्हणेनात.
मिस्त्री झाकण उघडेनात.
बाबा पट्टा बदलेनात.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

चाक म्हणालं, "फुस्स. बाबा ऑफिसला बसने जातात. भाजी सायकलवर येते. मी निघायचं कधी? आई माहेरी जाते तेव्हा. घाट चढून, घाट उतरून. आई गाडीत बसेल, तर मी पळेन."

चिंगी घरात गेली. सुळ सुळ सुळ. आई बाळाचे कपडे बॅगेत भरत होती. भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती. औषधाची बाटली तीनदा पाहिली.

"चुक चुक चुक.
आई, आई, गाडीत बस.
चाक पळेना.
मीटर लाख भरेना.
साहेब हो म्हणेनात.
मिस्त्री झाकण उघडेनात.
बाबा पट्टा बदलेनात.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

आईने कपाटावर बोट आपटलं. टक टक टक. "कृष्ण कृष्ण."

मग म्हणाली, "मला मेलीला गाडीतलं काय कळतं? मी एक शब्द बोलले, की ऐकावं लागतं, तुला प्रत्येक गोष्टीची भीती. बाबा चला म्हणतील, तर मी बसेन."

चिंगी दमली होती. तरी निघाली. सुळ... सुळ... सुळ. पुन्हा बाबांकडे. दुसरं कोण होतं?

बाबा गाडीला झेंडूचा हार घालत होते. दसरा होता ना. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली. आरशालाही हळद-कुंकू लावलं. गाडीची बाहेरून पूजा झाली. आत कोणी पाहिलं नाही.

"चुक चुक चुक.
बाबा, बाबा, चला म्हणा.
आई गाडीत बसेना.
चाक पळेना.
मीटर लाख भरेना.
साहेब हो म्हणेनात.
मिस्त्री झाकण उघडेनात.
बाबा पट्टा बदलेनात.
पट्टा तुटेल तट्ट.
अंडं फुटेल फट्ट.
एक गेलं, एक उरलं."

टक टक टक. "कृष्ण कृष्ण."

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. "उद्या सकाळीच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चला."

चिंगी फटीत बसली होती. अंड्याला बिलगून. तिने मनात मोजलं.

बाबा चला म्हणाले. आता आई बसणार. मग चाक पळणार. मग मीटर लाख भरणार. मग साहेब हो म्हणणार. मग मिस्त्री झाकण उघडणार. मग बाबा पट्टा बदलणार.

आणि पट्टा? पट्टा तोवर थांबणार? वाटेत तर घाट आहे.

पट्ट्याला कोणी विचारलंच नव्हतं.

चिंगीने दात उचलला. सुळसुळसुळसुळ. फटीतून वर, बॉनेटवरून दाराशी.

आईचा एक पाय गाडीत होता. एक पाय अंगणात. कडेवर बाळ. चिंगीने दात आईच्या हातावर टाकला. आता तिच्यात गाणं म्हणायचं त्राण नव्हतं. ती एवढंच म्हणाली,

"चुक."

आईने दारावर बोट आपटलं. टक. टक.

तिसरं टक राहिलं.

हातात काहीतरी होतं. काळं. चिंचोक्यासारखं टणक.

"अहो, हे काय आहे?"

"कचरा असेल. कृष्ण कृष्ण म्हण आणि बस. ऊन व्हायच्या आत घाट गाठायचाय."

"रबर आहे. गाडीतलं आहे का?"

"तुला ना, प्रत्येक गोष्टीची भीती."

"हो," आई म्हणाली. "वाटते."

आणि गाडीतला पाय बाहेर काढला.

"अगं, तुझी आई वाट बघत असेल. तिने पुरणाचा घाट घातला असेल."

"बघू दे वाट. आधी झाकण उघडून घ्या. मी बसत नाही."

आई बसेना. चाक पळेना. बाबांनी गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग सोपानमिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री स्कूटरवरून आले. फट फट फट. आले ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"साहेबांनी हो म्हटलंय का?"

"साहेब बसणार आहेत का या गाडीत?" आईने विचारलं. "मी बसणार आहे. बाळ बसणार आहे. तुम्ही उघडा."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. झाकण उघडलं. खट् खट् खट्.

आत पाहिलं. पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा पापडासारखा करकरला. अजून एक दात अंगठ्यासरशी निघून आला.

"वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाले, "हा घाट चढला नसता."

बाबा झटकन म्हणाले, "मग मोठ्या गॅरेजला नेतो. हळूहळू चालवत."

"दादा, चालवत?" मिस्त्री म्हणाले. "हा चालवायचा राहिलाय का?"

"इथेच बदला," आई म्हणाली. "आजच."

मिस्त्रींनी साहेबांना फोन केला.

"लाख झालं का?" साहेबांनी विचारलं.

"लाख राहू द्या. दात गळायला लागलेत. नवा पट्टा पाठवा."

"मग बदला की. आम्ही म्हणतच होतो."

मग काय. साहेबांनी पट्टा पाठवला. मिस्त्रींनी जुना काढला, नवा घातला. बाबांनी बॅटरीचा उजेड धरला. शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. बाबा त्यांना म्हणाले, "बदलून घेतला वेळेवर. मी म्हणतच होतो."

"मीही म्हणतच होतो," मिस्त्री म्हणाले.

"मला कोणी विचारलंच नाही," मीटर म्हणाला.

"फुस्स," चाक म्हणालं.

आई बाळाची टोपी नीट करत राहिली.

मिस्त्रींनी झाकणामागचा कोपरा पुसायला फडकं घेतलं. कोपऱ्यात चिंगी होती. पोटाखाली अंडं. पळाली नाही. जागची हलली नाही.

"ई, पाल," बाबा म्हणाले. "अंडंही आहे. टाका ते उकिरड्यावर."

"पाल विषारी असते वहिनी," मिस्त्री म्हणाले. फडकं पुढे आलं.

"थांबा."

आईने एक कागद घेतला. (आईला पालीची फार भीती. खूप. अगदी शहारा येतो.) डोळे किलकिले करून तिने कागद अंड्याखाली सरकवला. एवढंसं अंडं उचललं. शेडच्या भिंतीत विटेची एक फट होती. ऊबदार. कोरडी. तिथे ठेवलं.

चिंगी मागोमाग गेली. सुळ सुळ सुळ.

मग सगळे गाडीत बसले. घाट चढले, घाट उतरले. आजीच्या घरी पुरणपोळ्या खाल्ल्या. पट्ट्याची गोष्ट बाबांनी सांगितली. त्यांच्या गोष्टीत पाल नव्हती.

इकडे शेड रिकामी. चिंगी अंड्याजवळ बसून राहिली. ऊन आलं, ऊन गेलं. पुष्कळदा आलं, पुष्कळदा गेलं.

एका सकाळी अंडं हललं.

टच्.

टरफलातून एक नाक आलं. मग दोन डोळे. मग चार पाय. मग लांबच लांब शेपूट.

पिल्लाने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती.

चिंगी म्हणाली, "एकटाच आलास. ये."

ही पालीची कहाणी, पडो मोठ्यांच्या कानी.