पचेल तेवढंच

घाटातली मोटारींची शर्यत दोन दिवसांवर आली होती. तालमीचे मालक इंद्रोजीराव इंजिनात जादा पेट्रोल फवारणाऱ्या मोठ्या इंजेक्टरांचं खोकं घेऊन गॅरेजात आले. "हेच बसव. माझा लेक हरला, तर माझी ही जागा खाली करायची."

दिलशाद मिस्त्रीनं खोकं उघडून पाहिलं. जादा पेट्रोलानं सिलिंडरातलं तेल धुऊन निघालं असतं, इंजिन भर वेगात जाम झालं असतं.

"सरकार, नव्या पैलवानाला दूध किती पाजता?"

"पचेल तेवढंच! जास्त झालं तर आखाड्यात आडवा होईल."

"इंजिनाचंही तसंच. ओढेल तेवढ्या हवेपुरतंच पेट्रोल पचवतं. फक्त हा पैलवान घाटात आडवा होईल, आणि तेव्हा त्याच्या पोटात धाकले सरकार असतील."

इंद्रोजीरावांनी खोकं परत उचललं.