डब्याला पहिलं कुंकू

"पाणी किती वेळा भरलंस?"

"एकदाच, बुवा!" अंगदची छाती फुगली. "महिना झाला. ही काचेची नळी बघा, थेंबभरसुद्धा कमी नाही. हीच तर कमाल आहे माझ्या डब्याची!"

सोमगीर बुवा नळीकडं बघत राहिले.

मठाची जीप पायरीशी उभी होती. तिच्या बॉनेटखाली अंगदनं स्टीलचा एक डबा बसवला होता. डब्यात पाणी, पाण्यात पत्रे, पत्र्यांना गाडीची वीज. विजेनं पाण्याचा वायू व्हायचा, वायू इंजिनात जायचा आणि डिझेल कमी लागायचं. म्हणजे, अंगदचं म्हणणं तसं. झाकणाला त्यानं लाखेचं सील ठोकलं होतं. का, तर कुणी आत डोकावून युक्ती पळवू नये! आता पळवणार कोण? मठात बुवा, दोन गायी आणि एक थकलेला पुजारी. पण गडी पडला हुशार, त्याला जिथंतिथं चोर दिसायचे.

आज खंडेनवमी होती. पंचक्रोशीतले ड्रायव्हर गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून मठावर आणायचे. बुवांनी ज्या वस्तूला पहिलं कुंकू लावलं, ती ड्रायव्हरांच्या लेखी पास. भगवे घालायच्या आधी बुवा बावीस वर्षं ट्रकच्या स्टेअरिंगवर बसलेले, त्यामुळं गाडीतलं त्यांना कळतं यावर कुणाचं दुमत नव्हतं.

ते पहिलं कुंकू अंगदला आपल्या डब्यावर हवं होतं. त्यापायी त्यानं तंत्रनिकेतनातली मास्तरकी सोडली होती. घरात विकायला चाळीस डबे करून ठेवले होते. बायको दोन महिने धड बोलत नव्हती. आज कुंकू मिळालं नाही, तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"अकराचं ॲव्हरेज चौदावर गेलं, बुवा. दुसऱ्या कुणाचा भरोसा नाही, म्हणून महिनाभर मी स्वतः चालवली. वाड्यावस्त्यांवरचे पेशंट तालुक्याला नेले, आणले. रोज टाकी फुल्ल करून मोजलं."

"अकरा देत होती, तेव्हा कोण चालवायचं?"

"मीच की. आधीचं मोजमापही मीच घेतलं."

"कशी?"

अंगद हसला. "तुम्हाला काय सांगायचं! हाणायचो."

"आणि डबा बसवल्यावर?"

"आता हाणून कसं चालेल? आत कॉस्टिक सोड्याचं पाणी आहे. ब्रेक कचकन मारला की उसळणार. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचो, की खाली लेकरू झोपलंय जणू."

बुवांनी मान हलवली. मग झोळीत हात घातला आणि अंगदच्या तळहातावर काहीतरी ठेवलं.

फ्यूज.

डब्याच्या वायरीतला, नखाएवढा, पिवळा. अंगदनं उलटा करून पाहिला. मागं त्यानंच शाईनं केलेली खूण.

"हा... हा तुमच्याकडं कसा?"

"काढला."

"कधी? आज?"

"बसवलास त्याच दिवशी. तू हातपाय धुवायला गेला होतास तेव्हा."

अंगदनं फ्यूज मुठीत आवळला.

"शक्यच नाही! अहो, डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा रोज लागत होता!"

"दिव्याची वायर तू फ्यूजच्या अलीकडं जोडलीस. दिवा लागणारच."

तो धावत जीपशी गेला. डॅशबोर्डखाली हात घातला. फ्यूजची खाच रिकामी होती, बोट सरळ आत गेलं.

अरे देवा! महिनाभर डबा नुसता बसून होता. एक बुडबुडा निघाला नव्हता. आणि पाणी कमी होत नाही, म्हणून हा गावभर मिरवत होता! पाण्याचा वायू झाला तर पाणी उरेल कसं, एवढं साधं गणित, आणि ते मास्तराला एकदासुद्धा सुचू नये? त्याचे कान तापले.

"मग... मग चौदा आलं कुठनं?"

बुवांनी त्याच्या पायांकडं पाहिलं.

अंगद एकदम ताठ झाला. "थांबा! डब्याशिवाय चौदा, तर डब्यासकट सतरा होईल! आत्ता दाखवतो!"

त्यानं इंजिन चालू केलं आणि फ्यूज खाचेत दाबला.

इंजिनाचा आवाज खाली बसला. थोडासाच, पण बसला.

त्यानं फ्यूज उपसला. आवाज मोकळा झाला. पुन्हा लावला. पुन्हा बसला.

"लोड आला," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कुणावर?"

अंगदनं फ्यूज पुन्हा उपसला.

"कुणावर, मास्तर?"

"इंजिनावर. वीज इंजिनच तयार करतंय... डिझेल जाळून."

त्यानं इंजिन बंद केलं. खालच्या वळणावर हॉर्न वाजू लागले. गाड्या आल्या होत्या.

"महिनाभर बघत राहिलात, बुवा!" अंगदचा आवाज फाटला. "नोकरी सोडली मी. आता ही माणसं विचारतील, काय सांगू त्यांना? आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बुवा आत जाऊन कुंकवाचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. तोवर ड्रायव्हर पायरीशी गोळा झाले होते. डब्याची बातमी सगळ्यांच्या कानावर होती. अंगदनं डोळे मिटून घेतले.

बुवा बॉनेटपाशी आले. डब्याकडं न बघता पुढं गेले आणि अंगदसमोर खाली बसले.

"उजवी चप्पल काढ."

काय चाललंय ते अंगदला कळेना. त्यानं यंत्रासारखी चप्पल काढली. बुवांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर ओतलं, उपरण्यानं पुसलं आणि अंगठ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग त्यावर मस्तक वाकवलं.

ड्रायव्हरांच्या तोंडून "आँ!" निघालं. एकाच्या हातची माळ गळून पडली.

"बुवा! अहो, काय करताय! मला पाप लागेल!" अंगद किंचाळला आणि पाय ओढायला लागला.

बुवांनी घोटा घट्ट धरून ठेवला.

"हलू नको. आज अवजाराची पूजा आहे."