वाट चुकलेला सेनापती

फार पूर्वी एका डोंगरी राज्यात एक सेनापती होता. शत्रूला तो फारसा भीत नसे. त्याला भीती एकच होती, कुणीतरी आपल्याला ‘ती’ वाट विचारील.

त्याचं असं झालं होतं. दहा वर्षांपूर्वी तो साधा नाईक होता. दोनशे माणसं घेऊन निघाला आणि दाट धुक्यात वाट चुकला. चाचपडत कशीबशी नदी ओलांडली. धुकं विरलं, तर समोर शत्रूची छावणी, तीही मागच्या बाजूने! शत्रू न्याहारीला बसला होता. तासाभरात लढाई आटोपली. नाईक खरं सांगायला तोंड उघडणार, तोवर राजाने त्याच्या गळ्यात हार घातला. भाट ‘गुप्त वाटेचा जाणकार’ म्हणून त्याचे पोवाडे गाऊ लागले. मग सांगायचं राहूनच गेलं, आणि नाईक चढत चढत सेनापती झाला.

एके वर्षी शत्रू पुन्हा त्याच जागी येऊन बसला. राजा हसून म्हणाला, “सेनापती, आता कसली काळजी? तीन हजार माणसं घ्या आणि आपल्या त्या वाटेने जा.”

“जशी आज्ञा, महाराज,” सेनापती म्हणाला आणि फौज घेऊन निघाला. गावोगाव बायका फौजेला ओवाळत होत्या. एक आई म्हणाली, “लेक तुमच्याबरोबर आहे, मग मला घोर नाही.” त्या दिवसापासून सेनापतीला घास गिळेना.

नदीकाठी फौज थांबवून तो एकटाच पायी ओलांडण्याजोगा उतार शोधायला गेला. पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. काठावर एक बाई म्हशी राखत होती. त्याने हळूच विचारलं, “बाई, दहा वर्षांमागे इथे उतार होता ना?”

“त्या साली पाऊसच नव्हता, बाबा. कुठूनबी गेलं तरी गुडघाभर पाणी. यंदा हत्ती बुडंल.”

“मग म्हशी पलीकडे कशा जातात?”

“वरच्या अंगाला खडक हाय, त्यावरनं. पर धार लई जोराची. एकटा माणूस टिकायचा न्हाई.”

सेनापती परतला, तेव्हा पुढची पोरं जोडे काढून पाण्यात उतरायच्या तयारीत होती. म्हशींची वाटच ‘माझी गुप्त वाट’ म्हणून खपवता आली असती. पण मग पोरं निर्धास्त होऊन गाणी म्हणत उतरली असती, आणि त्या धारेत बेफिकीर माणूस वाचणार नव्हता.

“थांबा!” तो ओरडला. “मला वाट माहीत नाही. तेव्हाही नव्हती. मी चुकलो होतो.”

मग एक म्हातारा शिपाई पुढे आला.

“ते मला ठाऊक आहे, सरकार. मी तुमच्या मागेच होतो. एकाच आंब्याला आपण तीनदा वळसा घातला.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“काय बोलू? त्या धुक्यात तुम्ही सगळ्यांना पागोटी सोडायला लावलीत, त्यांनी सगळ्यांना एकमेकांशी बांधलंत, आणि शंभर-शंभर पावलांवर माणसं मोजलीत. दोनशे निघालो, दोनशे पोचलो. वाट नशिबाने सापडली, हे खरं. पण पागोटी काही नशिबाने बांधली नव्हती.”

सेनापतीला ते आठवतही नव्हतं. दहा वर्षं खोटं उघडं पडेल या धास्तीत तो आपला खरा गुण विसरून गेला होता. त्याने डोक्यावरचं जरीचं पागोटं सोडलं आणि पहिली गाठ मारली.

तीन हजार माणसं जीव मुठीत धरून त्या खडकावरून गेली. कितीतरी जण घसरले, पण गाठींनी सगळ्यांना धरून ठेवलं. पलीकडे सेनापती मोजत उभा होता. शेवटी खोकत खोकत म्हातारा शिपाई वर आला, तेव्हा आकडा पुरा झाला.

एवढ्या पुरातून फौज आलेली पाहून शत्रूने तंबूसुद्धा न उचलता पळ काढला. राजाने पुन्हा हार मागवला. या वेळी सेनापतीने आधी तोंड उघडलं. “महाराज, वाट म्हशी राखणाऱ्या बाईंची आहे. हार त्यांना द्या.”

तात्पर्य: नशीब एखाद्याला पुढे नेऊन उभं करतं, पण मागून येणाऱ्यांना सुखरूप पोचवायला अंगचा गुणच लागतो.