गुडघ्याएवढ्या उंचीवरचा खिळा

कल्याणच्या पुढे, कासारपाड्याला 'हरितकुंज' नावाची सोसायटी आहे. तिथल्या कुठल्याही घरात पाऊल टाकले की दाराजवळच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक खिळा दिसतो. त्यावर काही टांगलेले नसते, आणि टांगावे अशी ती जागाही नाही. घर बघायला आलेल्यांच्या ओढण्या त्यात अडकतात, पँटी फाटतात, आणि मग 'हा काय प्रकार आहे?' हा प्रश्न आलाच. रिकाम्या घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या नाडकर्णी काकू या प्रश्नाला पार विटल्या आहेत. तरी त्या उत्तर देतात, कारण नाही दिले तर लोक रंगाऱ्याला सांगून तो खिळा उपटून टाकतात.

ही गोष्ट टँकरच्या काळातली, असे काकू सांगतात. सोसायटीला नळाचे पाणी येण्याआधीचा तो काळ, म्हणजे इथल्या लोकांच्या हिशेबी पुराणकाळच. तेव्हा रस्ता नव्हता, दिवे नव्हते, आणि कासारपाड्याचे नाव काढताच रिक्षावाले मान फिरवायचे. बिल्डरने जाहिरातीत मात्र एक शब्द भल्यामोठ्या अक्षरांत छापला होता: शांतता. त्या एका शब्दावर भाळून हेमलता साटम परळची दीड खोली विकून इथे दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. शहरातल्या एका इस्पितळात त्या नर्स होत्या, त्याही कायमच्या रातपाळीच्या. रात्रभर पेशंट सांभाळावेत आणि सकाळी घरी येऊन निवांत झोपावे, एवढेच त्यांना हवे होते.

पण नव्या सोसायटीत रोज कुणीतरी नवे राहायला येते, आणि येणारा प्रत्येक जण बिल्डरने नुकत्याच बसवलेल्या फरश्या आधी फोडतो. का फोडतो, हे देवालाच ठाऊक. सिस्टरांनी कानात कापूस कोंबला, डोक्यावर उशी घेतली. दारावर पाटी लावली: 'दिवसा झोपते. बेल वाजवू नये.' त्याप्रमाणे बेल कुणीही वाजवली नाही, फक्त फोडाफोड चालू राहिली. हळूहळू सगळ्यांची कामे संपली. संपले नाही ते वरच्या घरातले.

वर तिसऱ्या मजल्यावर कुवळेकर राहायचे. मुलगा आणि सून उजाडायच्या आत कामाला बाहेर पडत, ती अंधार पडल्यावर परतत. दिवसभर घरात थोरले कुवळेकर एकटे. ते म्हणे रोज भर दुपारी हातोडी घेत आणि भिंतीत एक खिळा ठोकत. सिस्टर अर्धवट झोपेत तणतणत वर जात आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यांची खरडपट्टी काढत. म्हातारा मान खाली घालून सगळे ऐकून घेई, चुकलो म्हणे, आत येऊन पाणी तरी घ्या म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोका. एका माणसाला घरात टांगायचे तरी असते किती, असे सिस्टर खाली वॉचमनला विचारायच्या.

अखेर व्हायचे तेच झाले. वॉर्डात इंजेक्शन भरता भरता सिस्टरांचा डोळा लागला. मेट्रनचे लक्ष होते म्हणून निभावले, पण तिने साफ सांगितले की झोप होत नसेल तर नोकरी सोडा. दुसऱ्या दुपारी वर पुन्हा ठोका पडला, तेव्हा सिस्टरांनी अंथरुणातच घर विकायचे ठरवले. जायच्या आधी म्हाताऱ्याला शेवटचे सुनवावे म्हणून त्या वर गेल्या, आणि या वेळी तावातावाने थेट आत शिरल्या.

आत हॉलची भिंत खिळ्यांनी भरलेली होती. एकाही खिळ्यावर काही नव्हते. फोटो नाही, घड्याळ नाही, साधे कॅलेंडर नाही. टेबलावर चहाचे दोन कप मांडून ठेवलेले होते.

"काका, हे काय चालवलंय तुम्ही?"

म्हाताऱ्याने हातोडी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "गिरगावात आमच्याकडे दिवसभर राबता असायचा, सिस्टर. इथे आल्यापासून या दारात तुमच्याशिवाय कुणी आलेलं नाही. आणि तुम्ही येता ते ठोकल्यावरच."

हे ऐकून सिस्टरांना गहिवरून आले, असे सांगणारे सोसायटीत पुष्कळ आहेत. काकू ते धुडकावून लावतात. सिस्टरांचा राग दुप्पट झाला होता, असे त्या ठामपणे सांगतात. आपल्या झोपेचे खोबरे झाले ते एका कप चहासाठी, याचा तो राग होता. त्यांनी चहा घेतला तोही रागातच. आणि मग शब्द दिला.

"पाचपर्यंत मला झोपू द्या. पाचनंतर एकच ठोका मारायचा. मी असेन तशी येईन."

प्रत्येक आख्यायिकेत एखादा नवस असतोच. हरितकुंजाचा नवस तो हा एवढाच. म्हाताऱ्याने तो कधी मोडला नाही. दाराला दिवसा कडी घालणे त्याने सोडून दिले. पाच वाजून गेले की ठोका पडे, सिस्टर वर जात, चहात साखर फार झाली म्हणून कुरकुरत आणि ड्यूटीची वेळ होईपर्यंत बसत. झोप होऊ लागली, आणि घर विकायचे राहून गेले.

मग एकदा ऐन दुपारी ठोका पडला. झाले पुन्हा सुरू, असे म्हणत सिस्टरांनी कूस बदलली. पण झोप येईना. ज्या माणसाने एकदाही वेळ चुकवली नाही, त्याने आज का चुकवावी? त्या उठल्या. कुठल्या मुहूर्तावर शब्द दिला म्हणून स्वतःलाच बोल लावत जिना चढल्या आणि दार ढकलले. दाराशीच म्हातारा आडवा पडला होता. खुब्याचे हाड मोडले होते आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. चपलांच्या स्टँडच्या तळाशी ठेवलेली हातोडी तेवढी हाताला लागली होती, आणि पडल्या पडल्या हात पोचला तिथे भिंतीवर एक घाव बसला होता.

त्या घावाने सारी इमारत हादरली, असे काही जण सांगतात. काकू म्हणतात, कसली हादरते? ज्याला त्या आवाजाची सवय होती त्यालाच ऐकू जावा, इतका तो हलका होता. संध्याकाळी मुलगा येईपर्यंत म्हातारा तसाच राहिला असता तर हाती लागला नसता. सिस्टर होत्या म्हणून वाचला.

त्या जागी भिंतीचा टवका उडाला होता. मुलगा तो बुजवायला निघाला, तर सिस्टरांनी त्याला अडवले आणि तिथेच स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. पडलेल्या माणसाचा हात पोचून ठोका मारता येईल अशी ती उंची. मग दुसऱ्या घरांनीही तसाच खिळा मागितला, आणि रीतच पडली. नवे कुटुंब आले की खालच्या मजल्यावरच्यांनी वर जाऊन तो ठोकायचा आणि चहा घेऊन निघायचे. पहिल्या मजल्याखाली नुसते पार्किंग आहे, म्हणून तिथला खिळा वॉचमन ठोकतो आणि चहा दोनदा मागतो.

कुवळेकर जाऊन बराच काळ लोटला. सिस्टर निवृत्त झाल्या, पण दिवसा झोपायची सवय काही गेली नाही. घर बघून झाल्यावर लोक विचारतात की फर्निचर करताना खिळा काढला तर चालेल का. काकू कपाळावर हात मारतात आणि त्यांना सिस्टरांच्या दारापाशी नेतात. आजही दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारावर जुनी पाटी आहे: 'दिवसा झोपते. बेल वाजवू नये.' तिच्याखाली बॉलपेनने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एक ओळ वाढवलेली आहे: 'खिळा वाजला तर येते.'