होल्याने पसंत केलेलं अंगण

"आजपासून हे अंगण आमचं!" अदिपतींनी फर्मावलं.

अंगणात भात पाखडणाऱ्या लस्त्रीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. जावा बेटावर मुलखाच्या सरदाराला अदिपती म्हणतात. आपल्या 'अधिपती' या शब्दाचाच तो भाऊबंद, आणि हट्टीपणात तर सख्खा भाऊ! या अदिपतींचा सगळा जीव एका होल्यात होता. सोन्याच्या पिंजऱ्यातला तो पक्षी महिनाभर वाड्यात मुका बसला होता. वैद्य झाले, मांत्रिक झाले, होला चोच उघडेना. आज फेरफटका मारताना अदिपती सुंबरवारू नावाच्या इवल्याशा शेतकरी गावात सावलीला थांबले, पिंजरा लस्त्रीच्या फणसाला टांगला आणि काय आश्चर्य, होला घुमायला लागला! "घूं! घूं! घूं!"

झालं! जागा अदिपतींच्या मनात भरली.

"सरकार, माझ्या आज्यानं रान तोडून ही जागा वसवली," लस्त्री म्हणाली. "जो रान तोडेल त्याची जमीन, असा आमच्याकडचा रिवाज आहे. घरात मी आणि आई, दोघीच. आमचा झराही याच अंगणात आहे, त्याच्या पाण्यावर आमचं भात पिकतं. अंगण गेलं तर आम्ही खायचं काय?"

"आमचा पिंजरा इथे टांगला, आमचा पक्षी इथे बोलला. जागा आमची!" अदिपती म्हणाले. मग त्यांना वाटलं, उगाच कुणी आपल्याला जुलमी म्हणायला नको. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि लस्त्रीच्या घराकडे पाहिलं. लाकडी खांब, बांबूचे कूड, वर ताडाच्या पानांचं छप्पर.

"बरं, एक संधी देतो. हे तुझं घर उद्या दिवस मावळायच्या आत आमच्या वाड्यासमोर आणून दाखव! एक खांब काढायचा नाही, एक कूड सोडायचा नाही. बैल नाही, हत्ती नाही, चाक नाही! आणलंस तर अंगण तुझं. नाहीतर अंगण आमचं आणि घरही आमचं!"

बरोबरचे हुजरे पोट धरून हसले. लस्त्री मात्र अगदी नम्रपणे म्हणाली, "वाड्यासमोर म्हणजे नेमकं कुठे ठेवू, सरकार?"

"कुठेही ठेव! अगदी पायऱ्यांसमोर ठेव!"

अदिपतींची पालखी वळणाआड गेली आणि सगळं गाव खो खो हसत सुटलं. बिचारे अदिपती! दगडी वाड्यात जन्मले, दगडी वाड्यात वाढले. घर म्हणजे जमिनीत पाय रोवून बसलेलं, एवढंच त्यांना ठाऊक. या गावातल्या घरांचे खांब जमिनीत पुरलेलेच नसतात! प्रत्येक खांब एका सपाट दगडावर नुसता उभा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की धाकटा नवं घर बांधत बसत नाही, गावाला हाक मारतो आणि आपलं घर उचलून दुसरीकडे नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या कर्तोकाकांनी गावचा लाकडी नगारा बडवला. साठ माणसं जमली. खांबांना आडवे बांबू बांधले गेले.

"आई, बाहेर ये!" लस्त्रीने हाक मारली.

"मी नाही येणार! कोंबडी अंड्यांवर बसलीय. मी उठले तर ती उठेल," आई आतून म्हणाली.

"मग बस तशीच! उचला रे!"

साठ खांदे लागले. घर हललं, दगडांवरून उठलं आणि भाताच्या खाचरांमधून डुलत डुलत निघालं. वाटभर आई बसल्या जागेवरूनच खिडकीतून ओरडत होती, "अरे कर्तो, डावी बाजू खाली गेली! माझा माठ कलंडतोय!"

"वहिनी, माठाचं राहू द्या, माझी कंबर कलंडतेय!"

इकडे वाड्यात अदिपती विडा खात बसले होते. हुजऱ्या धापा टाकत आला.

"सरकार! येतंय!"

"कोण येतंय?"

"घर येतंय, सरकार!"

अदिपती बाहेर येईपर्यंत घर पायऱ्यांना टेकलंसुद्धा होतं. त्यांनी चहूबाजूंनी फिरून पाहिलं. खांब जागेवर. कूड जागेवर. खिडकीतून आईने हात जोडले. कोंबडी काही उठली नाही.

"ही एवढी माणसं कशाला आणलीस?" अदिपती चिडले.

"बैल नको म्हणालात, हत्ती नको म्हणालात, चाक नको म्हणालात. शेजारी नको असं कुठे म्हणालात, सरकार?"

अदिपतींनी पुन्हा मिशीला पीळ दिला. "ठीक आहे. तुझं अंगण तुला! आता हे घर इथून उचल. आम्हाला पायऱ्या उतरता येत नाहीत!"

लस्त्रीने मात्र खुशाल उंबऱ्यावर बसकण मारली.

"परत न्यायचं कुठे ठरलं होतं? इथे बरं आहे की! प्रशस्त मोकळी जागा, दारात पहारेकरी. आईलाही आवडलंय."

"अगं ए! ही जागा आमची आहे!"

"होती, सरकार! काल तुम्ही आमच्या अंगणात नुसता पिंजरा टांगलात, तर अंगण तुमचं झालं. आम्ही तर अख्खं घर आणून ठेवलंय. मग सांगा बरं, हा वाडा आता कुणाचा?"

हुजऱ्यांनी माना खाली घातल्या. अदिपतींचा चेहरा आधी लाल झाला, मग मिशा थरथरल्या, आणि मग त्यांना असं काही हसू फुटलं की तोंडातला विडा उडाला!

"हरलो, पोरी, हरलो! अंगण तुझं, झरा तुझा, फणसही तुझा! वर दोन धष्टपुष्ट रेडे घेऊन जा नांगराला. पण आमचा वाडा तेवढा आम्हाला राहू दे!"

"राहू दिला! पण उचलणारे सकाळपासून उपाशी आहेत, सरकार."

लगेच मुदपाकखान्यात चुली पेटल्या. केळीच्या पानांवर भात आला, नारळाच्या रसातली कोंबडी आली, तळलेले मासे आले. साठही जण आडवा हात मारून जेवले, आणि मग घर उचलायला गेले तेव्हा पहिल्या दोन खेपांना ते तसूभरही हललं नाही. तिसऱ्या खेपेला अदिपतींनी स्वतःच्या सगळ्या हुजऱ्यांना बांबूखाली खांदा द्यायला लावला, तेव्हा कुठे घर हललं.