वळणाची पाटी

बाजाररस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा सगळ्या दुकानदारांनी आपापल्या पायऱ्या मुकाट्याने तोडून दिल्या. नगराध्यक्ष भाऊसाहेब गुंजाळांच्या बंगल्याची भिंत मात्र जागची हलेना. शेवटी रस्ताच तिला वळसा घालून गेला. आता बोला! त्या आंधळ्या वळणावर रोज कुणी ना कुणी आपटू लागलं.

उद्घाटनाच्या सभेत भाऊसाहेबांनी ऐटीत विचारलं, "कुणाची काही सूचना?"

बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या अनसूयाबाई कासार उठल्या. "साहेब, त्या वळणाला तुमचं नाव द्या. भली मोठी पाटी लावू."

भाऊसाहेब खुलले. "एवढा आग्रहच असेल तर..."

"आहेच! म्हणजे पेपरात नीट छापून येईल, 'गुंजाळ वळणावर पुन्हा अपघात'. दवाखान्यात कुणी विचारलं, कुठे पडलात, तर लोक तुमचंच नाव सांगतील."

सभेत हशा पिकला. आठवड्याच्या आत भिंत मागे गेली, रस्ता सरळ झाला. आता पोरं बिनघोर सायकलवरून शाळेत जातात.

परवा भाऊसाहेबांनी हळूच विचारलं, "मग माझ्या पाटीचं काय झालं?"

अनसूयाबाई हसल्या. "लावायची कशाला, साहेब? आता तिथे कुणी पडतच नाही!"