जनकाबाईची कैफियत

"प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे, हे यांना आणखी कसं सांगायचं, अण्णा?"

देवदत्त वैतागला होता. वकिलीच्या परीक्षेत तो विद्यापीठात पहिला आला होता आणि नुकताच चाळीसगावला अण्णा खैरनार वकिलांच्या हाताखाली काम शिकू लागला होता.

समोरच्या बाकावर जनकाबाई बसली होती. तिच्या शेजारच्या उखा मिस्तरीची विहिरीकडे जायची वाट तिच्या परसातून होती. तिने ती काटेरी कुंपण घालून बंद केली, म्हणून उखाने दावा लावला होता. कोर्टाचं समन्स आलं तशी ती गल्लीतल्या सगळ्यांचा निरोप घेऊन निघाली होती. तुरुंगात जायच्या आधी वकिलाला विचारावं, म्हणून इथे आली होती. मांडीवर गाठोडं होतं.

"पुन्हा सांग," अण्णा म्हणाले.

देवदत्तने पुन्हा सांगितलं. दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. हा दिवाणी दावा आहे, फौजदारी खटला नव्हे. यात गुन्हा नाही, शिक्षा नाही. हक्क कोणाचा, एवढंच कोर्ट ठरवणार. प्रतिवादीने आपलं म्हणणं लेखी द्यायचं, त्याला कैफियत म्हणतात.

सगळं बिनचूक होतं.

"म्हणजे तुरुंग नाही ना?"

"नाही. मात्र कोर्टाने मनाई हुकूम दिला आणि तुम्ही तो मुद्दाम मोडलात, तर..."

जनकाबाईने गाठोडं पोटाशी घट्ट धरलं.

अण्णा उठले आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. गाठोड्यात काय आणलंय, त्यांनी विचारलं. एक लुगडं आणि भाकरी-ठेचा, ती म्हणाली. तिथलं जेवण कसं असतं कोण जाणे.

"सोडा बघू."

तिने गाठ सोडली. अण्णांनी भाकरी मोडली, ठेचा लावला आणि खाऊ लागले. एक तुकडा देवदत्तला दिला, एक तिला.

ती बघत राहिली...

"अण्णा, ही तिथली शिदोरी आहे."

"तिथं कोण चाललंय?"

जनकाबाईने हातातला तुकडा तोंडात घातला. मग हसायला लागली, ती ठसका लागेपर्यंत. निघताना सगळ्यात जास्त उखाची बायकोच रडली होती, हे आठवून तिला पुन्हा हसू आलं.

मग ती आपणहून बोलू लागली. वाट तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची होती. उखाच्या शेळ्यांनी वांगी खाल्ली, त्या रागात तिने कुंपण घातलं. त्याने शेळ्या दोरीने धरून न्याव्यात, वाट मोकळी करायला तिची ना नव्हती. तो बोलायला आला नाही... आणि तीही गेली नव्हती.

देवदत्त लिहून घेत होता. दोघांनी असं मिळून लिहून दिलं, तर तडजोडीचा हुकूमनामा होईल आणि दावा मिटेल, असं त्याने सांगितलं. आता जनकाबाई एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेत होती.

जाताना ती दारात थांबली. "येते मी, प्रतिवादी जनकाबाई," असं ऐटीत म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

देवदत्तने लिहिलेले कागद बाजूला ठेवले.

"मीही तेच सांगत होतो, अण्णा. तुम्ही तर कायद्याचा एक शब्दसुद्धा काढला नाहीत..."

अण्णा हात धुऊन आले.

"मला भूक लागली होती."